आईच्या ट्रंकेत सापडलेलं आफ्रिकेचं कापड, त्यावर काय लिहिलंय?

मृदा
नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. गेल्या आठवड्यात पुण्याच्या घरी माळ्यावर गळती झाली म्हणून आईची लोखंडी ट्रंक खाली काढली आणि सगळं उन्हात घालायला बसले तर तळाशी दोन नऊवाऱ्या, एक धाबळी आणि त्याच्याही खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक सुती कापड निघालं. टेप लावून मोजलं, १५० बाय ११० सेंटीमीटर भरलं. चारही बाजूंना रुंद काठ, लाल आणि काळा, मध्ये हळदी रंगावर मोठ्या मोठ्या कोयऱ्या. आणि खालच्या काठाच्या जरा वर एका पट्टीत ठळक अक्षरं छापलेली आहेत, लिपी इंग्रजी पण भाषा इंग्रजी नाही. मला वाचता आलं ते 'वेमा हाउओझी' असं. किनारीला अगदी बारीक अक्षरात 'उराफिकी' असंही आहे.

बाबा १९७४ ते ७८ टांझानियात दार एस सलामला कंत्राटावर नोकरीला होते. माझा जन्म तिथलाच, ७६ चा, पण दोन वर्षांची असताना परत आलो त्यामुळे मला तिथलं काहीही आठवत नाही. बाबा आता नाहीत. आईला कापड दाखवलं तर तिने ते हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि म्हणाली "हे बींचं. अर्धं आहे हे." बास, पुढे काही नाही. अर्धं कसं? कापड तर चारही बाजूंनी पूर्ण आहे, काठ सुद्धा कुठे तुटलेला नाही. आई ७९ वर्षांची आहे, हल्ली विसरते आणि खोदून विचारलं की चिडते, म्हणून इथे विचारते आहे. कोणी तिकडे राहिलेलं आहे का?

मोंबासाकरीण
मृदाताई, तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला. हा कांगा आहे! मी केनियात मोंबासाला ११ वर्षं आहे, आमच्याकडे याला लेसो म्हणतात, टांझानियात आणि झांझिबारला कांगा. पूर्ण स्वाहिली किनाऱ्यावर बायका हा नेसतात, म्हणजे लामूपासून खाली थेट टांझानियाच्या टोकापर्यंत.

भाषा स्वाहिली आहे, वेमा हाउओझी म्हणजे चांगुलपणा कुजत नाही. कुणासाठी केलेलं चांगलं वाया जात नाही असं म्हणा. खूप जुनी म्हण आहे ही आणि कांग्यावर पुन्हा पुन्हा येत राहते.

आता अर्धं का ते सांगते. कांगा कधीच एकटा विकत नाहीत, जोडीच असते, तिला म्हणतात दोती. दोन अगदी सारखे कांगे एका अखंड कापडावर शेजारी शेजारी छापलेले असतात, दुकानातून ते न कापताच घरी आणायचे, मग मधोमध कापून कडा शिवून घ्यायच्या. एक कमरेला किंवा छातीवर गुंडाळायचा आणि दुसरा डोक्यावरून खांद्यावर घ्यायचा. तुमच्याकडे दोतीतला एकच आहे. दुसरा त्या बींकडे राहिला असणार. आमच्या गल्लीत जिवाभावाच्या मैत्रिणी अशी जोडी वाटून घेतात, एक तुला एक मला, आणि मग लग्नाला दोघी त्याच कांग्यात येतात. आईला नुसतं अर्धं कापड मिळालेलं नाहीये ताई.

अनंतकाका
मोंबासाकरीण यांनी बरोबर सांगितलं. मी सत्तरच्या दशकात टांझानियात तांगा इथे माध्यमिक शाळेत गणित शिकवायला होतो. भारतातून बरेच मास्तर आणि इंजिनियर तेव्हा तिकडे गेले होते. उराफिकी हे दार एस सलामच्या कापडगिरणीचं नाव, चीनच्या मदतीने १९६८ च्या सुमाराला उभी राहिली. त्याआधी कांगे बहुतेक बाहेरून छापून यायचे, विलायतेतून, हॉलंडमधून, जपानमधून, आपल्याकडून. स्वतंत्र देशात स्वतःच्या गिरणीत स्वतःचा कांगा छापला जातोय याचं तिथल्या लोकांना फार अप्रूप होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. उराफिकी या शब्दाचा अर्थ मैत्री.

मृदा
काका. मैत्री. मला आत्ता काही लिहिता येत नाहीये. दोघांचे खूप आभार. रात्री सविस्तर लिहिते.

तन्वी२२
मस्त धागा. एक प्रश्न, इन्स्टावर ते रंगीबेरंगी आफ्रिकन प्रिंटचे ड्रेस दिसतात ते म्हणजे कांगाच का? माझ्या नायजेरियन क्लासमेटकडे तसलं खूप आहे, ती अंकारा म्हणते.

मोंबासाकरीण
नाही तन्वी, ते वेगळं. तुझी मैत्रीण म्हणते ते वॅक्स प्रिंट, पश्चिम आफ्रिकेत जास्त, आमच्या बाजूला त्याला किटेंगे म्हणतात. ते जाड असतं, यार्डावर मिळतं, चारही बाजूंचा काठ नसतो, त्यावर वाक्य नसतं आणि ते शिवून घालतात. कांगा पातळ सुती, चौकटीसारखा काठ आणि लिहिलेलं हवंच. कांगा शक्यतो शिवत नाहीत, गुंडाळतात.

कांग्याचे तीन भाग असतात. काठ म्हणजे पिंदो. मधला भाग म्हणजे म्जी, या शब्दाचा अर्थ गाव किंवा शहर, मला हे फार आवडतं, काठाच्या कुंपणाच्या आत एक गाव वसलेलं. आणि ते वाक्य म्हणजे जिना, जिना म्हणजे नाव. वाक्याला नाव म्हणतात, लक्षात घे. दुकानात बाई नुसता रंग बघून घेत नाही, आधी नाव वाचते. रंग आवडला पण नाव पटलं नाही तर गठ्ठा परत जातो.

सुताडी
इचलकरंजीचा आहे, कापडाच्या धंद्यात तीन पिढ्या, म्हणून या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कांगा यायच्या आधी पूर्व आफ्रिकेत दोन कापडं सगळीकडे चालायची. एक मेरिकानी, म्हणजे अमेरिकेतून येणारं कोरं मांजरपाट, मॅसॅच्युसेट्सच्या सेलम बंदरातली जहाजं ते झांझिबारला आणायची. दुसरं कानिकी, गडद निळं जवळपास काळं, ते भारतातून जायचं. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिकडचा कापूस आटला, मेरिकानी महाग झालं. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ ला स्थापन झालेली होती आणि पुढच्या वीस तीस वर्षांत आपल्या गिरण्यांनी तो झांझिबारचा बाजार बराचसा ताब्यात घेतला. म्हणजे परळ लालबागला भोंगा वाजल्यावर कोकणातली जी माणसं मागावर उभी राहायची त्यांनी विणलेलं कापड लामू मोंबासाच्या बायकांच्या अंगावर जात होतं. गिरणगावावर आपण इतकं लिहितो बोलतो पण ते कापड शेवटी कुणी नेसलं हे कुणी सांगत नाही, मला तर घरात सुद्धा कुणी सांगितलं नव्हतं.

आजही कांगे भारतात छापले जातात, गुजरातेतल्या जेतपूरला मी स्वतः पाहिलेत, स्क्रीनवर स्वाहिली वाक्यं, छापणाऱ्या कारागिराला त्यातलं अक्षर कळत नाही पण एक टिंब हलू देत नाही.

आणि तो दोती शब्द, तो आपल्या धोतीवरून गेला असं मानतात. कापड मोजायचं माप होतं ते तिथल्या व्यापारात.

पणजीचो
देव बरें करूं सुताडी बाब, फार छान लिहिलंत. मी गोव्याचा, माझ्या वडलांची आत्या झांझिबारला वाढली. तिथे गोंयकारांची मोठी वस्ती होती, शिंपी, बेकर, कारकून, वाजंत्री.

लेसो हा शब्द पोर्तुगीज आहे. लेंसो म्हणजे रुमाल, आम्ही कोंकणीत अजून हातरुमालाला लेंस म्हणतो! पोर्तुगीज त्या किनाऱ्यावर दोनेकशे वर्षं होते, ते गेले आणि रुमाल राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या बायका छापील रुमालाचा तागा विकत घ्यायच्या. रुमाल तेव्हा एकेक कापलेले नसायचे, लांब पट्टीत यायचे. त्यातले सहा घ्यायचे, तीन तीनच्या दोन पट्ट्या करायच्या आणि लांबीत जोडून शिवायच्या, झालं नेसायचं कापड. हे बघून दुकानदारांनी तेवढ्या मापाचं एकसंध कापडच छापून मागवायला सुरुवात केली. बायकांनी आधी केलं आणि धंदा मागून आला.

अनंतकाका
कांगा हे नाव पक्ष्यावरून आलंय. कांगा म्हणजे गिनी फाउल, ठिपक्या ठिपक्यांची रानकोंबडीसारखी असते ती. सुरुवातीच्या कापडांवर गडद रंगावर पांढरे ठिपके असायचे म्हणून लोक कांगा म्हणायला लागले. पण हे कापड पहिल्यांदा कुठे सुरू झालं यावर मोंबासा आणि झांझिबार दोन्हीकडचे लोक हक्क सांगतात.

मोंबासाकरीण
काका, आम्ही मोंबासावाले मागे हटणार नाही :) इथे बियाशारा स्ट्रीटवर, बियाशारा म्हणजे व्यापार, कांग्यांची ओळीने दुकानं आहेत आणि त्यातलं सगळ्यात नावाजलेलं कादरदिना हाजी इसाक यांचं, १८८७ पासूनचं म्हणून सांगतात. भारतातून आलेलं घराणं. त्यांच्या कांग्यांवर 'माली या अब्दुल्ला' असा शिक्का असतो, म्हणजे अब्दुल्लाचा माल. कांग्यावर वाक्य छापायची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनीच आणली असं इथे मानतात. आधी ती वाक्यं अरबी लिपीत असायची कारण स्वाहिली तेव्हा तशीच लिहायचे, रोमन लिपी नंतर आली.

माली म्हणजे माल. दुकानाला दुका, गाडीला गारी, रंगाला रांगी, आंब्याला एंबे, लाखाला लाकी. मी नवीन आले तेव्हा घाबरलेली होते, भाषा येत नाही, बाजारात काय करायचं, आणि भाजीवाली म्हणाली एंबे. तिथे मी पहिल्यांदा श्वास घेतला.

ओवी
हा धागा वाचताना मला सारखी एकच गोष्ट आठवते, लेकी बोले सुने लागे. ज्या बाईला तोंड उघडून बोलायची सोय नाही ती कशातून तरी बोलतेच. आमची पणजी जात्यावर बसली की सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, माहेरच्या वाटेबद्दल सगळं ओवीत म्हणायची आणि कुणी काही बोलायला गेलं तर म्हणायची मी नुसती दळतेय. मोंबासाकरीण, कांग्याचं असंच आहे का?

मोंबासाकरीण
ओवी, तुम्ही अगदी मर्मावर बोट ठेवलंत. असंच आहे. मफुंबो म्हणतात त्याला, आडून बोलणं, कोड्यात बोलणं, आणि स्वाहिली बायका यात इतक्या तरबेज आहेत की बास. समजा शेजारणीने माझ्याबद्दल काहीतरी पसरवलंय. मी भांडायला जाणार नाही, ते हलकं मानतात. मी एक कांगा घेईन 'नाओगोपा सिंबा ना मेनो याके, सिओगोपी म्तू क्वा मानेनो याके', म्हणजे सिंहाला त्याच्या दातांसाठी भिते, माणसाला त्याच्या बोलण्यासाठी भीत नाही. आणि तो नेसून तिच्या दारावरून पाणी आणायला जाईन. वाक्य पाठीमागे येईल असा नेसायचा, म्हणजे मी पुढे गेल्यावर ती वाचणार. ती चिडून काही म्हणाली तर मी म्हणणार अगं मला रंग आवडला म्हणून घेतला. आणि यावर तिला काहीच बोलता येत नाही! तिचं उत्तर चार दिवसांनी येणार, तिच्या कांग्यावर.

मी स्वतः यात सापडले होते ते सांगते. पहिल्या वर्षी आमच्या घरमालकीणबाईंच्या मुलीचं लग्न होतं, मी बाजारातून सगळ्यात सुंदर निळा जांभळा कांगा घेतला, भाषा येत नव्हती, दुकानदाराला विचारायचं सुचलं नाही. दिला. त्यांनी उघडला, वाचला, हसल्या, डोक्याला लावला आणि आत नेऊन ठेवला. तीन महिन्यांनी थोडी भाषा आल्यावर मी त्यांच्या कपाटात तो पाहिला. त्यावर लिहिलं होतं 'उसिसाफिरीए न्योता या म्वेंझिओ', दुसऱ्याच्या ताऱ्यावर आपली होडी हाकू नकोस. लग्नघरात नव्या नवरीला! मी रडले अक्षरशः. त्या म्हणाल्या, तुला वाचता येत नव्हतं हे मला माहीत होतं, म्हणून मी तुझ्याकडून रंग घेतला, नाव घेतलं नाही. तेव्हापासून मी एकही कांगा नाव वाचल्याशिवाय हातात घेत नाही.

रोखठोक
सगळं ठीक आहे पण मला यात फार काही संस्कृती वगैरे दिसत नाही. एकमेकींना टोमणे मारायला कापड वापरतात आणि दुकानदार त्यावर पैसे कमावतो. उगाच मोठं करू नये असं माझं मत.

ओवी
रोखठोक, टोमणा हा त्यातला एक भाग झाला. वेमा हाउओझी टोमणा आहे का?

पणजीचो
रोखठोक भाऊ, राग मानू नका पण मी थोडं मागचं सांगतो मग बघा तुम्हाला काय वाटतं.

झांझिबारला गुलामांचा बाजार होता, १८७३ ला तो बंद झाला पण घरोघरचे गुलाम गुलामच राहिले, १८९७ ला तिथे गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. तोपर्यंत गुलाम बाईने काय नेसायचं ते ठरलेलं होतं, ते वर सुताडींनी सांगितलेलं मेरिकानी नाहीतर कानिकी. कोरं नाहीतर काळं. डोकं झाकायची तिला परवानगी नसायची, डोक्यावरून वस्त्र घेणं हा मालकिणींचा मान होता. स्वतंत्र झाल्यावर या बायकांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर रंग विकत घेतला. कांगा घेतला, आणि जोडीतला दुसरा डोक्यावरून घेतला. ज्यांच्या नावाला कालपर्यंत किंमत नव्हती त्यांनी अंगावर नाव असलेलं कापड नेसलं. माझी आजेआत्या सांगायची, तिथल्या जुन्या बायका दोन वेळचं कमी खातील पण सणाला नवीन कांगा घेतील, त्याला लोक उधळेपणा म्हणायचे, त्यात उधळेपणा नव्हता हो.

त्यातलीच एक सिती बिंती साद. गुलाम आईबापांच्या पोटी जन्मलेली, मडकी विकायची, विकता विकता गायची. पुढे ताराबची, म्हणजे तिथल्या स्वाहिली गाण्यांची, सगळ्यात मोठी गायिका झाली आणि १९२८ ला तिला मुंबईला बोलावून एचएमव्हीने तिच्या रेकॉर्ड काढल्या. स्वाहिलीतली पहिलीवहिली गाजलेली रेकॉर्डिंग आपल्या मुंबईत झालेली आहेत. ताराबच्या गाण्यातल्या ओळी कांग्यावर येतात आणि कांग्यावरची नावं गाण्यात जातात, अजूनही.

रोखठोक
हे मला माहीत नव्हतं. डोकं झाकायच्या परवानगीचं वाचून गप्प झालो. माझं आधीचं वाक्य मागे घेतो.

तन्वी२२
मी काल यावर वाचत बसले होते तर साउथ आफ्रिकेतली एक गोष्ट मिळाली. २००६ ला तिथल्या एका बड्या नेत्यावर, जे नंतर राष्ट्राध्यक्ष झाले, बलात्काराचा खटला चालला होता. तक्रार करणारी मुलगी घरात कांगा नेसून होती आणि कोर्टात त्यावरून तिच्याबद्दल बोललं गेलं, जणू कांगा नेसणं म्हणजे बोलावणं. ते निर्दोष सुटले, तिला देश सोडून जावं लागलं. लोक तिला ख्वेझी म्हणायचे, ते तिचं खरं नाव नव्हतं. आणि २०१६ मध्ये त्यांच्या भाषणाच्या वेळी चार मुली समोर शांतपणे पाटी धरून उभ्या राहिल्या, एका पाटीवर फक्त 'खांगा' लिहिलेलं होतं. मला तेव्हा कळलं नसतं पण हा धागा वाचल्यावर कळलं. जे कापड आई मुलीला देते, मूल झाल्यावर त्यात गुंडाळते, त्याला काय करून ठेवलं होतं त्या कोर्टात.

मोंबासाकरीण
हो तन्वी. इथे बायका त्यावर अजून बोलतात. घरात कांगा नेसणं म्हणजे आपल्याकडे गाउन घालण्याइतकं साधं आहे, पहाटे चूल पेटवायला, अंघोळीहून आल्यावर, दुपारी पडल्यावर, कांगाच. त्यात अजून काही नसतं.

आणि आयुष्याचा कुठला प्रसंग कांग्याशिवाय होतच नाही. बाळ जन्मलं की मऊ झालेल्या जुन्या कांग्यात घेतात, मग पाठीला बांधतात, त्या बांधायच्या कापडाला म्बेलेको म्हणतात. लग्नात नवरीला किसुतू, लाल काळा पांढरा, सगळ्यात जुन्या नक्ष्यांपैकी एक आणि आजही तसाच्या तसा छापतात. कुणी गेलं की बायका कपड्यांवरून कांगा बांधून त्या घरी जातात. आईला देतात त्यावर 'नानी कामा मामा', आईसारखं कोण. सध्या माझ्याकडे रोजच्या वापरात आहे त्यावर 'सीसी सोते आबिरिया, देरेवा नी मुंगू', आपण सगळे प्रवासी, ड्रायव्हर देव. तो मला इथल्या मटाटूच्या, म्हणजे खासगी मिनीबसच्या, प्रवासात फार आधार देतो, खरंच सांगते.

अनंतकाका
राजकारणही येतं त्यावर. १९६१ च्या स्वातंत्र्याचे कांगे, मशालीचे कांगे, टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांचे कांगे आले. ते ९९ साली गेले तेव्हा त्यांच्या फोटोचे निघाले. २००८ ला ओबामा निवडून आल्यावर त्यांच्या चित्राचा सुद्धा निघाला होता, 'होंगेरा बराक ओबामा', म्हणजे अभिनंदन, आणि खाली देवाने आम्हाला प्रेम आणि शांती दिली असं वाक्य. माझ्या जुन्या विद्यार्थ्याने मला पाठवला आहे, भिंतीवर लावलाय.

मृदा, तुमच्या कांग्यावरच्या कोयऱ्यांना तिथे कोयरी म्हणत नाहीत, कोरोशो म्हणतात, म्हणजे काजू. आकार बघा परत.

पणजीचो
आणि काजू ब्राझीलमधून पोर्तुगीजांनीच दोन्हीकडे नेला, गोव्यालाही आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालाही, सोळाव्या शतकात!

मृदा
चार दिवस आले नाही, माफ करा. आईला घेऊन बसले होते.

मोंबासाकरीण, तुमचं पहिलं उत्तर मी तिला वाचून दाखवलं. मी 'वेमा हाउओझी' म्हटलं तर तिने लगेच दुरुस्त केलं, म्हणाली तसं तोडून नाही म्हणायचं, आणि स्वतः म्हणाली, वेगळ्याच लयीत, जसं काही कालच बोलली असेल. मला माहीतच नव्हतं की आईला स्वाहिली येतं. पन्नास वर्षांत माझ्यासमोर एक शब्द बोलली नव्हती. मग एकामागून एक येत गेलं, मध्ये थांबायची, चहा घ्यायची, परत सुरू. मी फोनवर रेकॉर्ड करत राहिले.

बी म्हणजे शेजारच्या बाई, तिथे मोठ्या बाईला मानाने बी म्हणतात असं तिने सांगितलं. माझ्या जन्माच्या वेळी बाबा साईटवर लांब होते, आठ दिवस येणार नव्हते, पाऊस लागलेला, आणि आई २९ वर्षांची, घरात दुसरं मराठी माणूस नाही. बी रात्री येऊन बसल्या. हॉस्पिटलात सोबत त्याच गेल्या. मला पहिल्यांदा ज्या कापडात घेतलं ते बींच्या अंगावरचं होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. ते हे नव्हे. हे नंतरचं, आम्ही निघायच्या आदल्या दिवशीचं. बींनी नवी दोती आणली, आईच्या समोर मांडी घालून बसल्या आणि कात्रीने मधोमध कापली. आई म्हणाली मी त्यांना माझं इरकल दिलं, हिरवं, लग्नातलं. ते घरी कुणाला सांगितलं नाही कारण आजी रागावली असती, म्हणून हेही ट्रंकेच्या तळाशी. त्यानंतर एक दोन पत्रं झाली, आईला लिहिता येत नव्हतं त्यांच्या भाषेत आणि त्यांना आपल्यात, कुणाकडून तरी लिहून घ्यायच्या. मग बंद.

तिथे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात म्हणे, त्यामुळे सगळी गल्ली आईला 'मामा' आणि पुढे माझं नाव असं म्हणायची. आई म्हणाली माझं स्वतःचं नाव तिथे कुणाला ठाऊक नव्हतं, तुझंच होतं. हे ती इतक्या आनंदाने म्हणाली.

आता प्रश्न. आई म्हणते मला हे पांघरायला दे. घड्यांवर पिवळे डाग आहेत, धुतलं तर रंग जाईल का?

सुताडी
ताई, गिरणीत छापलेला आहे तर रंग बऱ्यापैकी पक्का असेल, पण पन्नास वर्षांच्या घडीवर सूत कमजोर झालेलं असतं त्यामुळे पिळू नका आणि मशीनमध्ये तर अजिबात टाकू नका. आधी काठाच्या कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून बघा लाल उतरतो का. उतरला नाही तर गार पाण्यात रिठ्याचं पाणी घालून अर्धा तास, मग तसंच उचलून टॉवेलवर पसरून सावलीत. डाग पूर्ण जायच्या मागे लागू नका. आणि परत घडी घालू नका, गुंडाळी करून ठेवा.

मोंबासाकरीण
मृदाताई, मी हे ऑफिसात वाचतेय आणि डोळे पुसतेय. एक सांगाल का, कापलेल्या बाजूची शिवण कशी आहे? आडव्या दोन्ही टोकांना शिवण असेल बघा, लांबीच्या बाजूला विणीचीच किनार येते. इथे बरेचदा दुकानाबाहेर बसलेल्या शिंप्याकडून मशीनवर मारून घेतात, पण जुन्या बायका हातानेच दुमडायच्या.

मृदा
हाताचीच आहे. आत्ता खिडकीशी नेऊन पाहिलं. एका टोकाला पांढरा दोरा आहे, बारीक आणि अगदी एकसारखा, आणि दुसऱ्या टोकाला काळा, तो जरा मोठ्या टाक्यांचा. आईला दाखवलं. म्हणाली, पांढरा बींचा, काळा माझा, एका वेळी दोघी बसलो होतो दोन बाजूंनी, माझ्याकडे तेव्हा काळंच रीळ होतं.